सांचा आणि नेम



मुळशी तालुक्यांतील मारुंजी हें गांव नकाशावर शोधलें, तर त्याच्या पूर्वेस चिंचवड-भोसरीची कारखान्यांची वस्ती, आग्नेयेस बालेवाडीचें क्रीडासंकुल आणि मुळेच्या प्रवाहानें आणखी खालीं गेल्यावर खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना, अशीं तीन ठिकाणें दृष्टीस पडतात. पहिल्या ठिकाणीं पोलादाचे सांचे घडतात, दुसऱ्या ठिकाणीं नेम धरला जातो आणि तिसऱ्या ठिकाणीं काडतुसाचें नांव दीडशें वर्षें नांदत आलें आहे. सांचा, नेम आणि काडतूस या तिहींचें नातें कसें जुळलें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

रायफलीचा नेम चुकला, म्हणजे आपण नेमबाजाच्या हातास दोष देतों, डोळ्यास देतों, फार तर वाऱ्यास देतों. काडतुसाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः एकच रायफल शेगड्यांत घट्ट आवळून, तिला माणसाचा हात लागूं न देतां दहा गोळ्या झाडल्या, तरी त्या दहाहि गोळ्या एकाच भोंकांतून जात नाहींत. तेथें हात नाहीं, डोळा नाहीं. मग चूक कोणाची? पुष्कळ अंशीं ती काडतुसांची. दहा काडतुसें दिसावयास सारखीं असलीं तरी तीं एकमेकांसारखीं नसतात. ज्या देशांत काडतूस घरीं भरण्यास कायद्याची आडकाठी नाहीं, तेथील नेमबाज एकदां उडवलेली पितळी पुंगळी फेकून देत नाहीं. तो ती सांच्यांत दाबून पूर्ववत् करतो, नवी टोपी बसवतो, दारू भरतो, गोळी बसवतो आणि पुन्हां वापरतो. अशा माणसापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, सांचा कोणता घ्यावा? प्रश्न यंत्रशाळेंतला दिसतो. परंतु त्याच्या मागें जो इतिहास आहे, त्याचा कांहीं भाग आपल्या पुण्याच्या वेशींतच घडला आहे.

सांचा हा शब्द मराठींत दोन अर्थांनीं चालतो. धातूचा रस ओतून वस्तु पाडावयाची तो सांचा, आणि थंड धातु दाबून किंवा ओढून तिला आकार द्यावयाचा तोहि सांचाच. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत या दुसऱ्यास 'डाय' म्हणतात. मी मात्र दोहोंसहि सांचाच म्हणणार आहे. कारण काडतुसाच्या इतिहासांत पहिल्याचें काम पुढें दुसऱ्यानें उचललें आणि मूळ प्रश्न तोच राहिला.

तोड्याच्या बंदुकींच्या काळीं लोहारानें घडवलेल्या दोन नळ्या नेमक्या एकाच व्यासाच्या निघणें कठीण. म्हणून बंदुकीबरोबर तिचा स्वतःचा गोळ्यांचा सांचा असे. चिमट्यासारखा, दोन पाकळ्यांचा. शिसें वितळवावें, सांच्यांत ओतावें, आणि आपल्याच बंदुकीस बसतील अशा गोळ्या पाडाव्या. शेजाऱ्याची गोळी आपल्या नळींत उतरेल असा भरंवसा नसे. बंदूक आधीं आणि तिच्या मापानें सांचा, ही झाली पहिली पद्धति. शिकाऱ्यास ती पुरे. पण हजारों शिपायांची पलटण उभी करावयाची झाली, म्हणजे ती मोडून पडते. लढाईच्या धुमाळींत प्रत्येकानें आपापला सांचा काढून शिसें ओतीत बसावें कसें?

तोफखान्यास ही अडचण आधीं जाणवली. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत जुन्नरकडे ओतुराजवळ आंबेगव्हाण येथें तोफेचे गोळे पाडण्याचा कारखाना होता. एकाच ठिकाणीं गोळे पाडून दूरच्या मोहिमेवर धाडावयाचे, म्हणजे माप आधीं ठरलें पाहिजे. पुढें महादजी शिंद्यांच्या पदरीं द बॉयन यानें कवायती कंपू उभारले, तेव्हां हाच विचार बंदुकीस लागू झाला. आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉटिश कारागिराच्या हाताखालीं तोफा आणि बंदुका तयार होत. तेथील बंदूक अवघ्या दहा रुपयांस पडे आणि गुणांत विलायती बंदुकीच्या तोडीची असे, अशी तिची कीर्ति होती. कवायती पलटणीस कागदी काडतूस लागतें, म्हणजे मोजलेली दारू आणि गोळी एकाच पुडींत. तें काडतूस कोणत्याहि शिपायाच्या कोणत्याहि बंदुकींत उतरावें लागतें. ही दुसरी पद्धति : सांचा आधीं, आणि त्याच्या मापानें बंदूक.

या दुसऱ्या पद्धतीची किंमत नेमानें चुकवावी लागली. इंग्रजांच्या 'ब्राउन बेस' बंदुकीचें भोंक पाऊण इंचाचें, म्हणजे ०·७५ इंच, आणि गोळी सुमारें ०·६९ इंच व्यासाची. नळींत दारूची काजळी सांचली तरी गोळी आंत जावी म्हणून मुद्दाम ठेवलेली ही फट. गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे, आणि शेवटचा धक्का ज्या बाजूचा, त्याच्या उलट बाजूस ती जाई. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या मैदानावर इंग्रजी पलटणींनीं मराठी घोडदळावर जो मारा केला, तो अशाच सैल गोळ्यांचा. एकेका माणसाचा नेम येथें नव्हता. होती ती रांगेची सरबत्ती. पुण्याचें राज्य ज्या दिवशीं हातचें गेलें, त्या दिवशींच्या बंदुका शंभर यार्डांवर एकट्या माणसास टिपण्याच्या कामाच्या नव्हत्या, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

एन्फील्ड रायफल आली ती १८५३ सालच्या नमुन्याची. तिच्या नळींत आंतून पीळ कोरलेला. गोळी त्या पिळास घट्ट धरील तरच फिरत जाईल आणि सरळ जाईल. भोंक ०·५७७ इंच, आणि गोळी आरंभीं ०·५६८ इंच. म्हणजे ब्राउन बेसमधील फट होती साठ सहस्रांश इंचाची. ती एकदम नऊ सहस्रांशावर आली. एवढी घट्ट गोळी कोरडी कशी उतरावी? म्हणून तिच्या भोंवतालच्या कागदास चरबी लावावयाची. १८५७ सालीं त्या चरबीचें काय झालें हें शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. २४ एप्रिल रोजीं मीरतेस घोडदळाच्या नव्वद शिपायांपुढें काडतुसें ठेवलीं आणि पंचाऐशीं जणांनीं तीं घेण्याचें नाकारलें. त्या दिवशीं पुढें केलेलीं काडतुसें जुन्याच तऱ्हेचीं होतीं. परंतु विश्वास उडाला तो उडालाच. धर्माचा प्रश्न खरा होता, राज्याचा प्रश्न त्याहून खरा होता. मी एवढेंच म्हणतों कीं, चरबी काडतुसावर आली ती नेमाच्या पायीं. सांचा घट्ट झाला, म्हणून चरबी आली. पुढें गोळी ०·५५० इंचांपर्यंत बारीक करावी लागली, आणि उडतांना ती बारीक गोळी दारूच्या जोरानें नळींतच फुगून पिळास भिडेल अशी तिच्या बुडाची रचना ठेवली गेली.

यानंतर बंदूक तोंडानें ठासावयाची ती पाठीमागून भरावयाची झाली. स्नायडर रायफल १८६६ सालीं आली, आणि वुलिचच्या कारखान्यांतील कर्नल बॉक्सर यानें तिच्यासाठीं पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून पुंगळी बनवली. दारू, गोळी आणि टोपी एकाच घरांत राहूं लागलीं. खडकीचा कारखाना १८६९ सालीं स्थापन झाला, तो या संधिकालांत. तेव्हांपासून काडतूस ही शिपायाची वस्तु राहिली नाहीं. ती सरकारची झाली. त्यांतहि भेद होता. १८५७ च्या धड्यामुळें हिंदी पलटणींच्या हातीं गोऱ्यांच्या मागची एक पिढी जुनी बंदूक ठेवीत. २७ जुलै १८८० रोजीं मैवंदच्या लढाईंत गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री आणि मुंबई ग्रेनेडियर्स व जेकब्स रायफल्स या हिंदी पलटणींकडे स्नायडर होत्या. एका रणांगणावर दोन काडतुसें, आणि एकाचें दुसऱ्याच्या उपयोगाचें नाहीं! मध्यंतरीं १८७८ चा हत्यारांचा कायदा होऊन सामान्य माणसाच्या घरांतील बंदूक परवान्याखालीं आली होती, आणि परवाना सहजीं मिळत नसे. आजोबाच्या बंदुकीबरोबर फडताळांत पडलेला गोळ्यांचा सांचा तेव्हांपासून कुतूहलाची वस्तु झाला.

गुंडाळीच्या पुंगळीचा दोष सुदानांत उघडा पडला. १८८५ च्या जानेवारींत अबू क्लियाच्या लढाईंत मार्टिनी-हेन्रीच्या पुंगळ्या तापलेल्या नळींत अडकून बसल्या. ओढावें तर बूड तुटून यावें आणि पत्रा आंतच राहावा. भाल्यांनीं चालून येणाऱ्या शत्रूपुढें शिपाई निःशस्त्र झाला. त्यानंतर अखंड पितळेची, सांच्यांतून ओढलेली पुंगळी सर्वत्र झाली. १८८८ सालीं ०·३०३ इंची रायफल आली, तिच्या काडतुसाची पुंगळी याच जातीची. खडकीस बनलेल्या काडतुसाच्या बुडावर के. एफ. हीं अक्षरें ठोकलेलीं असत; आजहि जुन्या वस्तूंच्या संग्राहकांस तीं पाहतांच ओळखूं येतात.

ही पुंगळी कशी होते हें थोडें विस्तारानें सांगतों. कारण सांच्याची निवड यावरच अवलंबून आहे. सत्तर भाग तांबें आणि तीस भाग जस्त यांच्या पितळेची जाड पट्टी घ्यावयाची. तींतून रुपयासारखी चकती कापावयाची. चकती सांच्यांत दाबून तिची वाटी करावयाची. वाटी दुसऱ्या अरुंद सांच्यांतून ओढून पेला, पेला तिसऱ्यांतून ओढून नळी. प्रत्येक ओढीबरोबर पितळ कठीण होत जातें, म्हणून मधून मधून तें भट्टींत तापवून मऊ करावें लागतें. शेवटीं बूड ठोकून घट्ट करावयाचें, आणि तोंडाकडे खांदा व मान काढावयाची. तापवल्याची निळसर झांक लष्करी पुंगळीच्या मानेवर पुष्कळदां राहिलेली दिसते. कित्येकांस तो डाग वाटतो. खरें म्हणजे ती मान नीट तापवल्याची खूण आहे.

मान तापवण्याचें महत्त्व कळलें तें हिंदुस्थानच्या पावसानें. येथील ब्रिटिश फौजेच्या हालचाली पावसाळ्यांत थंडावत. तेव्हां काडतुसांच्या पेट्या कोरड्या जागीं ठेवाव्या म्हणून पुष्कळदां तबेल्यांत नेऊन ठेवीत. पावसाळा संपून पेट्या उघडाव्या, तों पुंगळ्यांच्या मानेस उभ्या चिरा पडलेल्या! कोणी हात लावला नव्हता, कोणी आपटल्या नव्हत्या. ऋतु बदलला कीं पितळ तडकतें, म्हणून या व्याधीस इंग्रजींत ऋतूचेंच नांव पडलें. खरें कारण मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनीं १९२१ सालीं उलगडलें. सांच्यांतून ओढलेल्या पितळेच्या पोटांत ताण उरलेला असतो, जणुं दाबून बसवलेली कमान. गोळी बसवून मान आवळली, कीं तेथें तो ताण अधिकच वाढतो. तबेल्यांतील घोड्यांच्या मुतांतून निघणारा अमोनिया वायु दमट हवेंत या ताणलेल्या पितळेच्या कणाकणांमधील सांधे कुरतडतो, आणि कमान सुटते. पुंगळी सुमारें अडीचशें ते तीनशें अंश शतमानापर्यंत बेतानें तापवली, कीं पोटांतील ताण निघून जातो आणि तिचा कठीणपणाहि फारसा जात नाहीं. तबेल्यांतून निघालेलें हें शहाणपण आज जगभर धातुशास्त्राच्या ग्रंथांत शिकवलें जातें.

सांच्याविषयीं विचार करणारानें ही गोष्ट मनाशीं पक्की बाळगावी. सांचा धातूला आकार देतो, तसाच तो तिच्यांत बळजबरीची आठवणहि ठेवून जातो. जितकी बळजबरी अधिक, तितकी पुंगळी लौकर म्हातारी होते.

आतां पुंगळी पुन्हां भरण्याकडे वळूं. अमेरिकेंत जॉन बार्लो यानें १८८४ च्या सुमारास आयडियल या नांवानें चिमट्यासारखीं भरणीचीं हत्यारें विकावयास काढलीं. एका हत्यारांत टोपी काढणें, टोपी बसवणें, गोळी पाडणें, गोळी बसवणें, सगळें. आपल्या जुन्या दोन पाकळ्यांच्या सांच्याचें तें विलायती भावंडच म्हणावें. दुसऱ्या महायुद्धांत तेथें शिकाऱ्यास गोळ्या मिळेनाशा झाल्या, तेव्हां १९४३ सालीं कॅलिफोर्नियांतील फ्रेड हंटिंग्टन यानें एक युक्ति काढली. बारीक बावीस बोराच्या उडवलेल्या पुंगळ्या मैदानांत ढिगानें पडलेल्या असत. त्या सांच्यांत दाबून त्यांचेंच गोळीस कवच करावयाचें. त्याच्या सांच्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून आर. सी. बी. एस. ही पेढी उभी राहिली, आणि तिचे सांचे पुढें घरोघर गेले. टंचाईच्या पोटीं कारागिरी जन्मास येते ती अशी.

उडवलेली पुंगळी हातांत घ्या. दारूच्या दाबानें ती नळीच्या घरास सर्व बाजूंनीं चिकटते, आणि दाब ओसरला कीं केसभर आंत येते. म्हणजे ती तुमच्या रायफलीच्या घराचा ठसाच होऊन बाहेर येते. येथें आपली जुनी जोडी पुन्हां पुढें येते. पूर्ण सांचा या पुंगळीस आपादमस्तक आवळून कारखान्याच्या मापावर आणतो; मग ती त्या बोराच्या कोणत्याहि रायफलींत जाईल. हा फौजेचा मार्ग. मानेचा सांचा फक्त मान आवळतो, म्हणजे गोळी धरून राहील एवढेंच करतो. बाकीचा ठसा जसाच्या तसा ठेवतो. अशी पुंगळी ज्या रायफलीची, तिच्यांतच शोभते. हा जुन्या शिकाऱ्याचा मार्ग.

०·३०३ रायफलीचेंच उदाहरण घेतलें तर हा भेद चटकन् पटतो. फौजेची रायफल चिखलांत, वाळूंत चालली पाहिजे, म्हणून तिचें घर मुद्दाम ऐसपैस ठेवलेलें असे, आणि काडतूस बुडाच्या कांठावर टेकत असे. पुंगळी त्या ऐसपैस घरांत फुगते, खांदा पुढें सरकतो. तिला पूर्ण सांच्यांत दाबून मागें आणावी, पुन्हां उडवावी, पुन्हां दाबावी. चारदोन वेळां असें केलें कीं बुडाच्या वरच्या अंगास पितळ पातळ होत जातें आणि एके दिवशीं पुंगळीचे दोन तुकडे होतात. हाताच्या बोटांत तार धरून ती पुंगळीच्या आंतून फिरवली तर तो खळगा आधींच लागतो. जाणते लोक असें पाहूनच पुंगळी टाकून देतात. अशा रायफलीस मानेचा सांचा निःसंशय बरा.

परंतु म्हणून मानेचा सांचा सर्वत्र श्रेष्ठ, असें मात्र नाहीं. महायुद्धानंतर अमेरिकेंत मेजावर रायफल टेकवून केवळ नेमकेपणाची स्पर्धा करणारांचा एक पंथ निघाला. त्यांची राष्ट्रीय संस्था १९५१ सालची. पुष्कळ वर्षें त्यांतील मोठमोठ्यांचा कल मानेच्या सांच्याकडे होता. अनुभवानें मत पालटलें. पांचसहा वेळां उडवलेली पुंगळी घरांत इतकी घट्ट बसूं लागते कीं दट्ट्या लावतांना जोर करावा लागतो, आणि त्या जोरानें रायफल आपल्या जागेवरून हलते. मग त्यांनीं मधला मार्ग धरला. सांचा पूर्णच, पण तो आपल्या रायफलीच्या घराच्या मापास अगदीं जवळचा. खांदा मागें सारावयाचा तो एकदोन सहस्रांश इंच, अधिक नाहीं. कांहीं सांचेकार तर तुमच्या रायफलींतून उडवलेल्या दोनतीन पुंगळ्या मागवून घेतात आणि त्यांच्या मापानें सांचा करून देतात. बंदूक आधीं आणि तिच्या मापानें सांचा, ही तोडेदार बंदुकीच्या काळची रीत सहस्रांश इंचाच्या काट्यानें परत आली ती अशी.

मानेच्या बाबतींत आणखी एक खोंच आहे. साध्या सांच्यांत मान प्रथम गरजेहून फार आवळली जाते आणि मग आंतील गोलक परत निघतांना ती पुन्हां रुंदावतो. पितळेस दोनदां छळावयाचें, आणि तो गोलक वर येतांना मान वांकडी करतो तें निराळेंच. यावर उपाय म्हणून मानेपुरतें कडें बदलतां येणारे सांचे निघाले. गोळी बसवल्यावर मानेचा जो व्यास भरतो, त्याहून जेमतेम दोन सहस्रांश कमी मापाचें कडें घालावें, म्हणजे गोलकाची गरजच उरत नाहीं. गोळी बसवण्याचा सांचा याहून वेगळा. त्यांत पाहण्याची गोष्ट एकच कीं, गोळी मानेंत शिरण्यापूर्वींच पुंगळी आणि गोळी एका रेषेंत धरली जाते कीं नाहीं. त्याच्या डोक्यावरील सूक्ष्ममापकाचें चक्र दिसावयास मोठें ऐटदार असतें, आणि पुष्कळ लोक त्यालाच भुलून पैसे मोजतात. चक्रानें माप पुन्हां लावणें सोपें होतें हें खरें, पण वांकडी मान तें सरळ करीत नाहीं. मला विचाराल तर पैसा पहिल्या सांच्यावर घालावा, चक्रावर मागाहून.

खडकीच्या पुंगळीस या सर्व प्रकारांत एक विघ्न होतें, आणि तें मोठें गंमतीचें आहे. बॉक्सर इंग्रज; त्याच्या टोपीखालीं मधोमध एकच छिद्र. बर्डन अमेरिकन, त्याच्या पद्धतींत टोपीची ऐरण पुंगळीच्या बुडांतच असते आणि छिद्रें दोन, बाजूस. झालें काय, कीं अमेरिकेनें इंग्रजाची टोपी उचलली आणि इंग्रजानें ०·३०३ ला अमेरिकनाची. साध्या सांच्यांत मध्यभागीं सुई असते, ती बॉक्सरच्या छिद्रांतून जाऊन जुनी टोपी ढकलून काढते. बर्डनच्या पुंगळींत ती ऐरणीवर आपटून मोडते. शिवाय जुन्या लष्करी टोप्यांत पारा असे. तो उडतांना पितळेंत मुरतो आणि पितळ ठिसूळ होतें. अशी पुंगळी कोणत्याहि सांच्यांत घातली तरी ती सुधारत नाहीं. दोष सांच्याचा नसून तिच्या पूर्वेतिहासाचा असतो.

आपल्याकडे मात्र हा सगळा व्यवहार घराच्या माजघरांत आणतां येत नाहीं. १९५९ च्या हत्यारांच्या कायद्याचें पांचवें कलम स्पष्ट आहे : परवान्यावांचून बंदुका वा काडतुसें बनवणें हा गुन्हा. ब्रिटिश अमदानींत लष्करी बोर सामान्य माणसास वर्ज्य झाला होता, म्हणून ०·३१५ इंची शिकारी रायफल येथें रूढ झाली. तिचें काडतूस म्हणजे ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर रायफलीचें. एका कायद्यामुळें एका दूरदेशच्या सांच्यास हिंदुस्थानांत दीर्घायुष्य लाभलें. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत मोटारींच्या पत्र्याचे आणि यंत्रांच्या भागांचे सांचे घडवणारे कुशल कारागीर हजारोंनीं आहेत. सहस्रांश इंच त्यांच्या रोजच्या बोलण्यांतला आहे. पण काडतुसाचा सांचा त्यांच्या वाट्यास कायद्याच्या वाटेनेंच येऊं शकतो.

मग आपल्या नेमबाजांचें काय? राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ सालीं स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष. घराणें मूळचें रत्नागिरीकडील, कर्मभूमि अहमदाबाद. त्यांच्या नांवाची स्पर्धा ही आजहि राष्ट्रीय स्पर्धेची पायरी समजतात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं बालेवाडीचें संकुल उभें राहिलें आणि पुण्याच्या पश्चिमेस नेमबाजीची शाळा झाली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिक येथें पन्नास मीटरवर पालथ्या अवस्थेंतील रायफलीच्या स्पर्धेंत ६०० पैकीं ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद घेतलें. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे, तेव्हां मध्य रेल्वेंत तिकीट-तपासनीस असलेले, यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर तीन अवस्थांच्या अंतिम फेरींत ४५१·४ गुण करून कांस्यपदक आणलें.

हीं दोन्ही यशें ज्या काडतुसानें मिळालीं तें बावीस बोराचें, आणि तें पुन्हां भरतांच येत नाहीं. त्याची स्फोटक द्रव्याची टोपी वेगळी नसते. बुडाच्या दुमडलेल्या कांठांतच तें द्रव्य भरलेलें असतें, आणि सुईचा घाव बसला कीं तो कांठ कायमचा चेपतो. पन्नास मीटरवरील निशाणाचें दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०·४ मिलिमीटर व्यासाचें. त्यावर ५·६ मिलिमीटरची गोळी मारावयाची. सांचा निवडण्याचें स्वातंत्र्य नाहीं, म्हणून नेमबाज निवड करतो ती घाण्याची. एकाच कारखान्यांत, एकाच यंत्रावर, एकाच दिवशीं निघालेलीं काडतुसें तेवढीं एका घाण्याचीं; दुसऱ्या दिवशींचा घाणा निराळा. युरोपांतील काडतुसांचे मोठे कारखाने नेमबाजास आपल्या परीक्षागृहांत बोलावतात. तेथें त्याची रायफल शेगड्यांत आवळून एकामागून एक घाण्यांचीं काडतुसें तिच्यांतून झाडतात, आणि कागदावर गोळ्यांचा पुंजका कोणत्या घाण्याचा सर्वांत लहान पडतो हें पाहतात. एकाच्या रायफलीस जो घाणा मानवतो तो दुसऱ्याच्या त्याच बनावटीच्या रायफलीस मानवेलच असें नाहीं. मानवला, कीं त्या घाण्याचीं पेट्याच्या पेट्या काडतुसें विकत घेऊन ठेवावयाचीं, आणि पेटीवरील आंकडा वहींत टिपून ठेवावयाचा. तो सांठा संपत आला, म्हणजे रायफल घेऊन पुन्हां परीक्षागृहाची वाट.